टिंबाची चांदणी

आर नावाचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात रिग्रेशन केलं की उत्तराच्या तक्त्यात अगदी उजवीकडे चांदण्या छापून येतात. पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली असेल तर तीन चांदण्या, ०.०१ च्या खाली दोन, ०.०५ च्या खाली एक. ०.०५ ते ०.१ च्या मध्ये लटकलात तर नुसतं एक टिंब. त्याच्याही वर गेलात तर रकाना कोरा. बालवाडीत बाईंनी वही उघडावी आणि काहीच न लिहिता परत करावी, तसं!

यंदा फायनल इयरच्या बऱ्याच प्रोजेक्टांमध्ये कुठे ना कुठे रिग्रेशन आहे. मेकॅनिकलवाले टूलची झीज मोजतात, सिव्हिलवाले क्यूब फोडतात, कॉम्प्युटरवाले काय करतात ते त्यांनाच माहीत, पण शेवटी तक्ता त्यांच्याकडेही असतो. त्यामुळे मार्चपासून कॉरिडॉरमध्ये ‘किती चांदण्या आल्या?’ हा प्रश्न ‘आज मेसला भाजी काय?’ इतकाच रोजचा झाला होता.

माझ्या पार्टनरला टिंब आलं.

पार्टनर सिव्हिलचा. प्रोजेक्ट फ्लाय ॲशचा. सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी थर्मल पॉवर स्टेशनची राख घालायची, १५० मिलिमीटरचे क्यूब ओतायचे, टाकीत पाण्याखाली ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी मशिनखाली फोडायचे. मग रिग्रेशनमध्ये राखेचं प्रमाण, पाणी किती घातलं वगैरे टाकून २८ दिवसांची ताकद बघायची. राखेचा कोइफिशियंट प्लसमध्ये आला. टिंबासकट. म्हणजे राखेने ताकद वाढल्यासारखी दिसते, पण सॉफ्टवेअर छातीठोकपणे सांगायला तयार नाही.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, टिंब तर टिंब, त्यात काय एवढं? पण गाइड सरांचं म्हणणं होतं की निकाल ‘सिग्निफिकंट’ आला तर कॉन्फरन्सला पेपर पाठवू. आणि पार्टनरला पुढे शिकायला जायचंय. अर्जात एक पेपर असणं आणि नसणं यातला फरक होस्टेलवर राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगायला नको.

सबमिशनला तीन दिवस असताना रात्री एमटेकचे एक दादा खोलीत आले. स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “अरे येड्या, हे टू टेल आहे. तुला राख घातल्यावर ताकद वाढते एवढंच दाखवायचंय ना? मग वन टेल लाव. पी निम्मा कर. झालं!”

पी निम्मा केला. टिंबाची चांदणी झाली. पार्टनरने दादांना चहा पाजायचं कबूल केलं.

गणित बिनचूक आहे. ०.०५ ते ०.१ मधली कुठलीही संख्या निम्मी केली की ती ०.०५ च्या आत येतेच. म्हणजे दादांच्या युक्तीने जगातल्या प्रत्येक टिंबाची चांदणी होणार. मला नेमकी तिथेच शंका आली. इतकं स्वस्त कसं?

तरी दादा काही खोटं बोलत नव्हते, हे आधी सांगून टाकतो. तक्त्याच्या शेवटच्या रकान्याचं डोकं आपण कोणी वाचत नाही. नीट बघा, तिथे टी या अक्षराच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा असतात. अकरावी-बारावीत भेटलेलं मॉड्युलस ते हेच. अर्थ असा: कोइफिशियंट खरोखर शून्य असता, तर टी शून्यापासून एवढा लांब, डावीकडे किंवा उजवीकडे कुठेही, पडण्याची शक्यता किती? दोन्ही बाजू मोजल्या म्हणून दोन शेपट्या. टीचा आलेख शून्याभोवती सारखा असतो, त्यामुळे एका शेपटीचं क्षेत्रफळ बरोबर निम्मं. आर हेच छापतं, स्टेटा हेच छापतं, पायथॉनमधलं स्टॅट्समॉडेल्सही हेच. एक्सेलच्या रिग्रेशनमध्ये नुसतं ‘पी व्हॅल्यू’ लिहिलेलं असतं आणि एसपीएसएसमध्ये नुसतं ‘सिग’, पण आत माल तोच, दोन शेपट्यांचा. गंमत म्हणजे आरमध्ये दोन सरासरींची तुलना करायची असेल तर टी टेस्टच्या कमांडला ‘जास्त’, ‘कमी’ की ‘दोन्ही’ असं सांगता येतं. रिग्रेशनच्या कमांडला मात्र अशी खिडकीच ठेवलेली नाही. एक शेपूट हवी असेल तर स्वतः कापून घ्या!

आणि कापताना बोट कापायची भीती कुठे आहे, ते बघायला मी त्या रात्री आरमध्येच असलेला एक डेटा उघडला. एमटीकार्स. १९७४ च्या ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकातून घेतलेल्या ३२ गाड्या. टोयोटा कोरोला गॅलनला ३३.९ मैल देते, कॅडिलॅक फ्लीटवूड आणि लिंकन कॉन्टिनेंटल दोघी १०.४. (आपल्याकडे ‘कितना देती है’ म्हणून हसतात, पण अमेरिकेतही कोणीतरी मोजून ठेवलंच होतं.) मायलेजवर वजन, हॉर्सपॉवर आणि गिअरबॉक्स असं रिग्रेशन केलं. गिअरबॉक्स मॅन्युअल असेल तर १, ऑटोमॅटिक असेल तर ०.

मॅन्युअलचा कोइफिशियंट आला २.०८, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरच्या गाडीत मॅन्युअलला गॅलनमागे सुमारे दोन मैल जास्त. स्टँडर्ड एरर १.३८. भागाकार केला की टी १.५१. गाड्या ३२, त्यातून चार कोइफिशियंट वजा, डिग्री ऑफ फ्रीडम २८. पी ०.१४१. रकाना कोरा.

आता समजा, डेटा बघायच्या आधीपासूनच माझं म्हणणं असं आहे की त्या काळातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पेट्रोल खातो. त्याला कारण आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या मार्फत ताकद पुढे जाते, थोडी घसरण होते आणि तेवढी ऊर्जा तेल तापवण्यात जाते. मग माझा प्रश्न एकाच बाजूचा आहे: मॅन्युअल जास्त देते का? टी प्लसमध्ये आहे, दिशा माझ्या म्हणण्याची आहे, म्हणून पी निम्मा, ०.०७१. आणि कोणी उलट म्हणत असेल की मॅन्युअल कमी देते, तर त्याचा पी ०.०७१ नाही, ०.९२९. दोन्ही बाजूंची बेरीज १ यायलाच पाहिजे.

इथेच दादांच्या ‘पी निम्मा कर’मध्ये भोक आहे. त्याच तक्त्यात वजनाची ओळ बघा. वजनाचा टी उणे ३.१८, पी ०.००३६. आता एखादा महाभाग म्हणाला की गाडी जड असेल तर मायलेज वाढतं, आणि त्याने डोळे मिटून पी निम्मा केला, तर त्याला ०.००१८ मिळेल. दोन चांदण्या! खरं उत्तर आहे ०.९९८२. टीचं चिन्ह आपल्या म्हणण्याच्या उलट असेल तर निम्मा केलेला पी १ मधून वजा करायचा असतो. चिन्ह न बघता निम्मं करणं म्हणजे नकाशा उलटा धरून अंतर बरोबर सांगणं.

सॉफ्टवेअर यात काही मदत करत नाही, उलट चिन्ह लपवण्याकडेच त्यांचा कल. एक्सेलचं जुनं टीडिस्ट हे फंक्शन शेपट्या किती ते विचारतं, पण टी मायनसमध्ये दिला की सरळ एरर देतं. मग पोरं काय करतात? मायनस काढून टाकतात! एरर जातो, त्याच्याबरोबर दिशाही जाते. २०१० च्या एक्सेलपासून उजव्या शेपटीचं वेगळं फंक्शन आलं, ते मायनस पोटात घेतं. स्टेटामध्ये रिग्रेशननंतर एका कोइफिशियंटची टेस्ट मागितली की ते एफ देतं, आणि एफ म्हणजे टीचा वर्ग. आपल्या गिअरबॉक्सचा १.५१४ चा वर्ग २.२९. उणे १.५१४ चाही तोच. एकदा वर्ग झाला की आपण डावीकडून आलो की उजवीकडून, हे एफला माहीत नसतं. वर्गमूळ काढून, कोइफिशियंटचं चिन्ह परत चिकटवून, मग शेपूट मोजावी लागते.

यावर व्हायवात एक हमखास गोंधळ होतो. “एफ टेस्ट तर वन टेलच असते ना?” एफची उजवी शेपूटच मोजतात हे खरं. पण टीचा वर्ग केल्यावर त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही शेपट्या त्या एका उजव्या शेपटीत येऊन बसतात. आलेखाला शेपूट एक, प्रश्नाला बाजू दोन. आणि चार-पाच कोइफिशियंट एकदम शून्य आहेत का, असं एफला विचारलं तर तिथे ‘एकच बाजू’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.

आरमध्ये सरळ उपाय आहे. पीटी नावाच्या फंक्शनला टी द्या, चिन्हासकट. डिग्री ऑफ फ्रीडम द्या. आणि डावी शेपूट नको, उजवी हवी, एवढं सांगा. तो आपलं आपण ०.०७१ देतो किंवा ०.९९८२ देतो. आपण निम्मं करायला जायचंच नाही.

हे सगळं मी पार्टनरला रात्री दीड वाजता समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “पण माझं चिन्ह प्लसच आहे. मला प्लसच दाखवायचंय. मग माझं निम्मं बरोबर झालं की!”

अडलो. गणिताने त्याचं काहीच चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅथ्सच्या मॅडमकडे गेलो. आम्हाला वाटलं होतं, त्या फळ्यावर घंटीच्या आकाराचा आलेख काढतील. त्यांनी आलेख काढला नाही आणि लॅपटॉपही उघडू दिला नाही.

“सिनॉप्सिसमध्ये काय लिहिलं होतंस?”

पार्टनरने फाइल काढली. ऑगस्टचा कागद. ‘फ्लाय ॲशचा काँक्रीटच्या ताकदीवर होणारा परिणाम अभ्यासणे.’

“परिणाम. वाढ नाही लिहिलंस, घट नाही लिहिलंस. बरं, आता सांग, कोइफिशियंट मायनसमध्ये आला असता तर रिपोर्टमध्ये काय लिहिलं असतंस?”

पार्टनर सरळ माणूस आहे. म्हणाला, “राख घातल्याने २८ दिवसांची ताकद कमी होते, असं लिहिलं असतं.”

“आणि तेव्हाही वन टेल लावून पी निम्मा केला असतास?”

पार्टनर गप्प.

“मग तुझ्या दोन्ही शेपट्या आहेत रे. दोन्ही बाजूंनी बक्षीस घेणार आणि तिकीट एकाच बाजूचं काढणार, असं कसं चालेल?”

आम्ही तिथून मेसपर्यंत चालत आलो तेवढ्यात मी हिशोब लावून बघितला. समजा राखेचा खरोखर काहीच परिणाम नाही. तरी नशिबाने शंभरातल्या पाच प्रयोगांत टी एका टोकाच्या पाच टक्क्यांत पडेल, आणि पाच प्रयोगांत दुसऱ्या टोकाच्या. आधी बाजू ठरवली तर फसण्याची शक्यता पाच टक्के. निकाल बघून मग बाजू ठरवली तर दोन्हीकडचे धरायचे, दहा टक्के. रिपोर्टमध्ये मात्र आपण पाचच लिहिणार. होस्टेलच्या क्रिकेटमध्ये नाणं खाली पडल्यावर ‘हेड’ ओरडणाऱ्याला आपण काय करतो? तक्त्यात ते करणाऱ्याला चांदणी देतो.

यावर कोणी म्हणेल की मग एक शेपूट वापरूच नये. मला ते पटत नाही. २८ डिग्री ऑफ फ्रीडमला पाच टक्क्यांसाठी दोन शेपट्यांना टी २.०४८ च्या पुढे लागतो आणि एका शेपटीला १.७०१ पुरतो. एवढी सूट फुकट नाही. तिची किंमत अशी की दुसऱ्या बाजूला कितीही मोठा आकडा आला तरी ‘काही सापडलं’ म्हणायचा हक्क आपण सोडलेला असतो. नवा ब्रेक लायनर जुन्यापेक्षा जास्त टिकतो का, एवढाच प्रश्न असेल, कमी टिकला किंवा तेवढाच टिकला तरी निर्णय ‘घ्यायचा नाही’ हा एकच असेल, तर एक शेपूट योग्यच. तिथे दोन शेपट्या लावणं म्हणजे उगाच सोवळं पाळणं.

आणखी एक. एका शेपटीने चांदणी मिळवायची आणि शेजारच्या रकान्यात ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल तसाच ठेवायचा, हेही चालत नाही. तो इंटरव्हल दोन शेपट्यांचा सोबती. पाच टक्क्यांच्या एका शेपटीचा सोबती ९० टक्क्यांचा. आपल्या गिअरबॉक्सला ९५ टक्क्यांचा इंटरव्हल उणे ०.७४ ते ४.९०, आणि ९० टक्क्यांचा उणे ०.२६ ते ४.४३. दोन्हींत शून्य आहे, म्हणून तिथे भांडण लागत नाही. पण टिंबवाल्या कोइफिशियंटला हमखास लागतं: चांदणी म्हणते शून्य नाही, इंटरव्हल म्हणतो शून्य माझ्या पोटात आहे. जागरूक एक्स्टर्नल असेल तर तिथेच बोट ठेवेल.

खरं सांगायचं तर शेपट्यांपेक्षा मोठी चोरी दुसरीच आहे. त्याच ३२ गाड्यांत हॉर्सपॉवर काढून फक्त वजन आणि गिअरबॉक्स ठेवा. मॅन्युअलचा पी ०.९८८, कोइफिशियंट उणे ०.०२, म्हणजे काही नाहीच. हॉर्सपॉवर ठेवा, ०.१४१. हॉर्सपॉवरच्या जागी पाव मैल पळायला किती सेकंद लागतात तो रकाना घाला, ०.०४७, चांदणी! तोच गिअरबॉक्स, त्याच गाड्या. शेपूट कापायची गरजच पडली नाही. हे मी पार्टनरला त्या आठवड्यात मुद्दाम सांगितलं नाही.

रिपोर्टमध्ये काय छापायचं हे शेवटी त्यानेच ठरवलं. मी त्यात पडलो नाही. वास्तविक पडायचं म्हटलं असतं तर दोन्ही बाजूंनी बोलता आलं असतं, कारण पेपर माझा जाणार नव्हता. तो रात्री बराच वेळ गॅलरीत उभा होता, मग आत येऊन त्याने तक्ता जसा होता तसा ठेवला. दोन शेपट्या, एक टिंब, ९५ टक्क्यांचा इंटरव्हल. खाली एक वाक्य: २८ दिवसांना वाढ दिसते, परंतु पुरावा कमकुवत आहे. गाइड सरांनी ते पान दोनदा वाचलं, ‘बरं’ म्हणाले आणि पेपरचा विषय पुन्हा निघाला नाही. दादांचा चहा मात्र द्यावाच लागला.

व्हायवात एक्स्टर्नलनी ते पान उलटलं आणि क्यूबवर लोड किती वेगाने चढवला ते विचारलं. तक्त्याबद्दल एक अक्षर नाही.

पण गोष्ट इथे थांबली नाही. मॅडमकडे बसलो होतो तेव्हा त्यांनी जाता जाता विचारलं होतं, “राखेबद्दल तुझ्या केमिस्ट्रीला काय वाटतं? डेटाला नाही, केमिस्ट्रीला.” पार्टनरने सांगितलं ते असं. सिमेंट पाण्याशी लगेच वागायला लागतं. त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. राखेतला सिलिका त्याच्याशी हळूहळू जुळतो आणि त्यातून पुन्हा चिकटवणारा माल तयार होतो. हे काम सावकाश चालतं. म्हणून सुरुवातीला राखेचे क्यूब मागे पडू शकतात. २८ दिवसांना काय होईल ते राख कशी, किती, पाणी किती, यावर ठरतं, दोन्ही होऊ शकतं. पण २८ दिवसांनंतरची वाढ मात्र राख जास्त असलेल्या क्यूबमध्ये जास्त असायला हवी.

“बघ,” मॅडम म्हणाल्या, “याला दिशा आहे.”

टाकीत ९० दिवसांचे क्यूब होते. रिपोर्टच्या तारखेत बसत नव्हते म्हणून पार्टनर ते विसरूनच गेला होता. त्याच संध्याकाळी त्याने जर्नलच्या एका कोऱ्या पानावर लिहिलं: २८ ते ९० दिवसांतली ताकदीची वाढ राखेच्या प्रमाणाबरोबर वाढते, एक शेपूट, उजवी, पाच टक्के, रिग्रेशनमध्ये राख आणि पाणी एवढेच दोन रकाने, नंतर बदल नाही. उलट निघालं तर ‘पुरावा मिळाला नाही’ एवढंच लिहीन. खाली तारीख टाकली आणि मॅडमची सही घेतली. ते पान आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, टाइमटेबलच्या शेजारी.

लॅबच्या मामांनी मशीन पीएल सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी द्यायचं कबूल केलंय. हा लेख अंकासाठी द्यायची मुदत त्याच्या अलीकडची. क्यूब अजून पाण्यात आहेत.